फ्रेंच भाषिकांमध्ये नवी मंडळी: मदत करायची तर नेमकी कशी?

फ्रान्समध्ये ‘एग्लीझ’, म्हणजे चर्च, म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे गावच्या चौकातली जुनी दगडी कॅथलिक इमारत येते. प्रॉटेस्टंट लोक आपल्या उपासनागृहाला ‘ताँप्ल’ म्हणतात. इव्हँजेलिकल, म्हणजे वैयक्तिक विश्वास आणि सुवार्ता यांवर भर देणाऱ्या प्रॉटेस्टंटांची, मंडळी (स्थानिक उपासक-समूह) मात्र बऱ्याचदा गावाबाहेरच्या औद्योगिक वसाहतीत, गोदामांच्या रांगेतल्या एखाद्या भाड्याच्या गाळ्यात जमते. बाहेर छोटी पाटी, आत चाळीस खुर्च्या. रस्त्याने जाणाऱ्याला हे काय आहे ते कळत नाही, आणि विचारलंच तर ‘एव्हांजेलिक’ म्हणजे इव्हँजेलिकल आणि ‘एव्हांजेलिस्त’ म्हणजे सुवार्तिक यांतला फरक वर्तमानपत्रंसुद्धा अनेकदा चुकवतात. अशा ठिकाणी नवी मंडळी उभी करणाऱ्यांना बाहेरून मदत करायची असेल, तर पैसा आणि उत्साह यांच्या आधी तिथला कायदा, पंचांग आणि भाषा समजून घ्यावी लागते. बहुतेक प्रयत्न कुठे अडकतात तर इथेच.

जमीन कशी आहे

फ्रान्समध्ये प्रॉटेस्टंट विश्वास परका नाही. प्रॉटेस्टंट धर्मसुधारक कॅल्विनचा जन्म 1509 मध्ये न्वायों इथला. 1598 च्या नान्तच्या फर्मानाने ह्युगनो प्रॉटेस्टंटांना मर्यादित मोकळीक मिळाली आणि 1685 मध्ये चौदाव्या लुईने ती काढून घेतली. त्यानंतर 1787 पर्यंत, म्हणजे शंभराहून अधिक वर्षं, लोक सेव्हेनच्या डोंगरात चोरून उपासना करत होते. या काळाला ते ‘देझेर’, म्हणजे अरण्यवास, म्हणतात. मदतीला येणाऱ्याने हा इतिहास जरूर वाचावा. ‘आम्ही तुमच्याकडे सुवार्ता घेऊन आलो’ असं त्या देशात म्हणणं किती उथळ आहे, ते त्यातून कळतं.

आजची अडचण छळाची नाही, संशयाची आहे. फ्रेंच संसदेच्या 1995 च्या एका अहवालात 173 गटांची ‘सेक्त’, म्हणजे संशयास्पद पंथ, अशी यादी होती आणि तिची सावली अजून पूर्ण गेलेली नाही. नाव माहीत नसलेला कोणताही धार्मिक गट लोकांना आधी ‘सेक्त’ वाटतो. त्यात धर्म ही खाजगी बाब, तिच्याबद्दल अनोळखी माणसाने बोलू नये, हा शिष्टाचार. ‘प्रोझेलितिस्म’, म्हणजे धर्मप्रसार, हा शब्द तिथे जवळजवळ आरोपासारखा वापरला जातो.

1872 नंतर फ्रेंच जनगणनेत धर्म विचारलेला नाही, त्यामुळे नेमके आकडे कुणाकडेच नाहीत. इव्हँजेलिकल संघांची राष्ट्रीय परिषद, सीएनईएफ, 2010 मध्ये स्थापन झाली. तिने ठेवलेलं उद्दिष्ट लक्षात राहण्यासारखं आहे: दर 10,000 लोकांमागे एक मंडळी. लोकसंख्या सुमारे 6 कोटी 80 लाख धरली, तर 6,800 मंडळ्या हव्यात. आज अडीच हजारांहून थोड्या अधिक आहेत, आणि त्याही सारख्या विखुरलेल्या नाहीत. पॅरिसभोवतीची उपनगरं, अल्सास आणि दक्षिणेचे काही भाग यांत त्या दाटीने आहेत. मध्य फ्रान्सच्या ग्रामीण पट्ट्यात कित्येक मैल एकही सापडत नाही. म्हणून ‘फ्रान्ससाठी मदत’ असा मोघम निश्चय उपयोगाचा नाही. कोणतं शहर, तिथे आधीपासून कोण आहे, शेजारची मंडळी किती अंतरावर, हे नकाशावर मांडल्याशिवाय पुढे जाऊ नये. आधीच्या मंडळीला न विचारता तिच्याच गावात दुसरी उघडली, तर पहिल्या वर्षी आलेली माणसं बहुधा तिचीच असतात. याला वाढ म्हणता येत नाही.

1901 आणि 1905

हे दोन आकडे कळले की फ्रेंच मंडळीचं निम्मं कागदी काम कळलं.

1 जुलै 1901 चा कायदा सर्वसाधारण संस्थांचा. दोन माणसं एकत्र आली तरी संस्था नोंदवता येते. भाषावर्ग, गरजूंना अन्नवाटप, संगीताचे कार्यक्रम, सगळं या चौकटीत बसतं. 9 डिसेंबर 1905 चा कायदा मात्र राज्य आणि धर्मसंस्था वेगळ्या करणारा. त्याचं दुसरं कलम सांगतं की प्रजासत्ताक कोणत्याही उपासनापंथाला मान्यता, पगार किंवा अनुदान देत नाही. त्याच कायद्याखाली ‘आसोसिआसियों कुल्तुएल’, म्हणजे उपासना-संस्था, नोंदवता येते. तिला किमान सात सज्ञान सभासद लागतात आणि तिचा उद्देश फक्त उपासना असावा लागतो. अन्नवाटप तिच्या खात्यातून करता येत नाही. त्यामुळे बऱ्याच मंडळ्या दोन संस्था ठेवतात: उपासनेसाठी 1905 ची, समाजकार्यासाठी 1901 ची. दोन बँक खाती, दोन वह्या, दोन वार्षिक सभा. कंटाळवाणं आहे, पण एका वहीत सगळं कोंबलं की पुढे करसवलत आणि मालमत्ता या दोन्ही बाबतींत गाडी अडते.

24 ऑगस्ट 2021 च्या कायद्याने 1905 च्या चौकटीत मोठे बदल केले आणि जुनी माहितीपत्रकं तेव्हापासून निरुपयोगी झाली. उपासना-संस्था म्हणून असलेला दर्जा आता प्रेफेकडे, म्हणजे जिल्ह्यातल्या शासनप्रतिनिधीकडे, जाहीर करावा लागतो. त्याला हरकत घ्यायला दोन महिने असतात, आणि दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. परदेशातून वर्षभरात 15,300 युरोंहून अधिक मदत आली, तर ती जाहीर करणं बंधनकारक आहे. इथे ‘मदत’ या शब्दात फक्त रोख पैसा येत नाही. वस्तू, फुकट वापरायला दिलेली जागा, कर्ज, हेही त्यात धरलं जातं. हे न कळल्यामुळे प्रामाणिक मंडळ्याही अडचणीत येतात. म्हणून दोन्ही बाजूंनी, देणाऱ्याने आणि घेणाऱ्याने, प्रत्येक रकमेची तारीख, कारण आणि पाठवणाऱ्याचं नाव सुरुवातीपासून लिहून ठेवावं.

एवढा खटाटोप करून 1905 का घ्यावं? मुख्य कारण देणग्या. फ्रान्समध्ये आयकर भरणाऱ्याने उपासना-संस्थेला देणगी दिली, तर करपात्र उत्पन्नाच्या 20 टक्के मर्यादेत देणगीच्या 66 टक्के रक्कम त्याच्या करातून वजा होते. 100 युरो देणाऱ्याच्या खिशातून प्रत्यक्षात 34 जातात. शिवाय संस्थेच्या मालकीच्या उपासनागृहाला मालमत्ता करातून सूट आहे.

एक अपवाद विसरू नये. अल्सास आणि मोझेल हे भाग 1905 मध्ये जर्मन साम्राज्यात होते, त्यामुळे तिथे तो कायदा लागूच होत नाही. स्ट्रासबुर्ग, मुलुझ किंवा मेत्झमध्ये काम असेल, तर स्थानिक कायद्याखाली सात सभासदांची संस्था न्यायालयात नोंदवावी लागते. पॅरिसच्या मंडळीची घटना तिथे नक्कल करून चालत नाही.

जागा

सगळ्यांत जास्त मंडळ्या जागेपायी दमतात.

पहिला टप्पा घराचा: आठ-दहा माणसं, जेवण, शास्त्रवाचन, प्रार्थना. यासाठी कुणाची परवानगी लागत नाही, पण इमारतीच्या भिंती पातळ असतात आणि गिटार रात्री साडेनऊलाही ऐकू जाते. दुसरा टप्पा नगरपालिकेच्या सभागृहाचा. ते उपासनेसाठी भाड्याने देता येतं, हे तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने 2011 मध्ये स्पष्ट केलं आहे. अटी दोनच: फुकट देता येणार नाही आणि कायमचं किंवा फक्त एकाच गटाला देता येणार नाही. म्हणून महिन्यातून एक-दोन रविवारांसाठी ही सोय उत्तम, दर आठवड्यासाठी नाही.

तिसरा टप्पा स्वतःचा गाळा. सही करण्याआधी भाडेकरारात ‘कुल्त’, म्हणजे उपासना, हा वापर स्पष्ट लिहिलेला हवा. मग नगरपालिकेचा भूवापर आराखडा पाहायचा: त्या पट्ट्यात अशी इमारत चालते का? गोदामाचं उपासनागृह करायचं तर वापरबदलाची परवानगी लागते. उपासनागृहाच्या बांधकाम-परवानगीच्या अर्जावर महापौराला प्रेफेचं मतही घ्यावं लागतं, म्हणजे वेळ वाढतो. लोक जमणारी जागा म्हणून अग्निसुरक्षेचे नियम लागतात. उपासनागृहांचा वर्ग ‘व्ही’, आणि 300 पर्यंत क्षमता असेल तर पाचवी, म्हणजे सर्वांत सौम्य, श्रेणी. माणसं मोजायची रीतही ठरलेली आहे: एका खुर्चीला एक, बाकावर दर अर्ध्या मीटरला एक. तळघर स्वस्त मिळतं म्हणून घेऊ नये, तिथली मर्यादा फार कमी आहे. चाकांच्या खुर्चीसाठी उतार आणि प्रसाधनगृह हवंच.

नेहमी होणारी चूक अशी: आधी भाडं सुरू, मग परवानगीचा अर्ज. दहा-बारा महिने बंद गाळ्याचं भाडं भरत राहिलं की परदेशातून आलेला निधी तिथेच संपतो आणि रविवारची पहिली सभा होतच नाही. करारात ‘परवानगी मिळाली तरच भाडं लागू’ अशी अट घालता येते. ती मागायला संकोच करू नये.

भाषा, जेवण आणि सप्टेंबर

रोजचं बोलणं जमायला युरोपीय भाषा-मोजपट्टीवरची (ए1 ते सी2) बी2 पातळीची फ्रेंच पुरते. सांत्वन करायला, वाद मिटवायला, संदेश द्यायला सी1 लागते. पूर्णवेळ शिकणाऱ्याचेही त्यात दीड-दोन वर्षं जातात, आणि हा काळ ‘काम सुरू होण्याआधीचा’ समजू नये. तो कामाचाच भाग आहे आणि त्याचा खर्च अंदाजपत्रकात असायला हवा. ‘त्यू’ आणि ‘व्हू’ म्हणजे आपलं ‘तू’ आणि ‘तुम्ही’. मंडळीत सगळे लवकर ‘त्यू’वर येतात, पण पहिल्यांदा आलेल्या साठीच्या बाईंना थेट ‘त्यू’ म्हटलं तर त्या परत येतीलच असं नाही. वाचनासाठी लुई सगोंचं बायबल-भाषांतर प्रॉटेस्टंट घरांत परंपरेने असतं, पण कधीच शास्त्र न उघडलेल्या माणसाच्या हातात ‘स्मर’ किंवा सोप्या शब्दांतलं ‘पारोल द व्ही’ द्यावं.

ओळख वाढते ती जेवणाच्या टेबलावर. तिथे तासाभरात उठायची रीत नाही, दोन-तीन तास धरूनच बोलवावं. चौकात पत्रकं वाटून जे वर्षभरात होत नाही, ते अशा सहा जेवणांत होतं, असं आम्ही ठामपणे म्हणू.

वर्ष सप्टेंबरला सुरू होतं. जुलै-ऑगस्टमध्ये शहरं रिकामी होतात, त्या वेळी उद्घाटन ठेवणं म्हणजे खुर्च्यांपुढे बोलणं. सप्टेंबरच्या सुरुवातीला बहुतेक गावांत नगरपालिका सगळ्या स्थानिक संस्थांचा मेळावा भरवते. ज्युडो क्लब, गायनवृंद, रक्तदानवाले, सगळे टेबल मांडून बसतात. मंडळीची 1901 ची संस्था तिथे उघडपणे बसली, महापौरांच्या कार्यालयातल्या लोकांना भेटली, तर ‘सेक्त’चा संशय जितका निवळतो तितका कोणत्याही स्पष्टीकरणाने निवळत नाही. शाळांच्या हिवाळी आणि वसंत ऋतूतल्या सुट्ट्या ए, बी, सी अशा तीन विभागांत वेगवेगळ्या असतात, मुलांचे कार्यक्रम आखताना आपला विभाग पाहावा.

सार्वजनिक रस्त्यावर मिरवणूक किंवा सभा घ्यायची तर किमान तीन आणि जास्तीत जास्त पंधरा दिवस आधी सूचना द्यावी लागते. दबाव किंवा धमकी देऊन कुणाला उपासनेला लावणं, किंवा तिच्यापासून रोखणं, हा 1905 च्या कायद्याच्या 31 व्या कलमाखाली गुन्हा आहे. आश्रय मागायला आलेल्यांसाठी भाषावर्ग घेताना हे विशेष जपावं: वर्गाला येणाऱ्याने रविवारी आलंच पाहिजे अशी सूचक भाषाही नको. ही केवळ कायद्याची भीती नाही. गरजेपोटी दिलेला होकार विश्वासाचा नसतो.

आणखी एक, फार कमी लोकांना माहीत असलेली गोष्ट: धार्मिक विश्वास ही युरोपीय कायद्यात संवेदनशील माहिती आहे. ‘अमुक बाई सभेला येतात, त्यांच्या घटस्फोटासाठी प्रार्थना करा’ असं नावानिशी पत्र मदतनीस मंडळ्यांना पाठवणं तिथे बेकायदेशीर ठरू शकतं. पत्रात नाव, फोटो, ओळख पटेल असा तपशील नको. मुलांसोबत काम करणाऱ्या प्रत्येकाकडून गुन्हे-नोंदवहीचा ‘बुलतँ क्रमांक 3’ मागावा. तो ज्याचा त्यालाच मागवता येतो आणि फुकट मिळतो.

पैसा: किती, किती दिवस

समजण्यासाठी आकडे धरू. पाळकाचं अर्धवेळ मानधन आणि सामाजिक सुरक्षेचा हप्ता मिळून महिना 1,400 युरो, भाडं 900, वीज-विमा 250, मुलांचे कार्यक्रम आणि पाहुणचार 250. एकूण 2,800. देणारी बारा घरं, सरासरी 110 युरो, म्हणजे 1,320. तूट 1,480, वर्षाला 17,760. ही पूर्ण तूट परदेशातून भरली, तर पहिल्याच वर्षी 15,300 ची मर्यादा ओलांडली आणि जाहीर करणं आलं. दुसऱ्या वर्षी तुटीच्या 75 टक्के दिले तर 13,320, तिसऱ्या वर्षी 8,880, चौथ्या वर्षी 4,440, पाचव्या वर्षी शून्य.

आता उलट बाजूने पाहू. 1,480 ला 110 ने भागलं की साडेतेरा येतात. म्हणजे चार वर्षांत देणारी चौदा नवी घरं जोडली गेली तर मंडळी स्वतःच्या पायावर उभी राहते. वर्षाला साडेतीन घरं. हा आकडा गाठता येण्याजोगा आहे, आणि तो पहिल्या दिवसापासून सगळ्यांना माहीत हवा. बाहेरचा पैसा कमी होणार नाही असं मंडळीला वाटलं, की देणगीची सवय लागत नाही. पाचव्या वर्षी पैसे थांबतात तेव्हा माणसं दुखावतात, ती पैशापेक्षा फसवल्याच्या भावनेने.

हा धडा आपल्याला नवा नाही. अमेरिकन मराठी मिशन चालवणाऱ्या बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन 1854-55 मध्ये अहमदनगरला आले होते. मंडळीने स्वतःचा कारभार चालवावा, स्वतःचा खर्च उचलावा, स्वतः पसरावं, हे त्यांचं सूत्र, आणि गावोगावच्या छोट्या मंडळ्यांवर देशी पाळक नेमावेत हा आग्रह. पुढे नारायण वामन टिळकांच्या अभंगांनी आणि कीर्तनांनी जे घडवलं, तेही याच दिशेचं: सुवार्ता माणसाच्या स्वतःच्या चालीत आली. फ्रेंच मंडळीत भाषांतरित इंग्रजी गाणीच वाजत असतील तर मराठी मदतनीसाला ती उणीव चटकन जाणवावी. पडद्यावर शब्द दाखवण्यासाठी गाण्यांचा परवाना लागतो, तो खर्चही धरावा.

भारतातून पैसे पाठवण्याचे नियम वेगळे. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेत वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात, देणगीही चालते, पण ही सोय फक्त निवासी व्यक्तींना आहे, ट्रस्टला नाही. ट्रस्टने आपलं उत्पन्न भारताबाहेर खर्च केलं, तर खास परवानगीशिवाय त्यावर करमाफी मिळत नाही. परदेशी अंशदानाच्या नोंदणीखाली आलेला पैसा तर दुसऱ्याकडे वळवताच येत नाही. पाठवण्याआधी सनदी लेखापालाला विचारणं ही इथे औपचारिकता नाही.

माणूस पाठवायचा असेल तर बहुतेकदा ‘व्हिझितर’, म्हणजे अभ्यागत, प्रकारचा दीर्घ मुदतीचा व्हिसा मिळतो. पुरेसं उत्पन्न दाखवावं लागतं आणि नोकरी करता येत नाही. धर्मसेवकांच्या आरोग्य आणि निवृत्तिवेतनासाठी ‘काव्हिमाक’ हा स्वतंत्र निधी आहे. पाळकाची तिथे किंवा सर्वसाधारण योजनेत नोंदणी न करता रोख मानधन देणं ही गंभीर चूक, कारण भुर्दंड पुढे त्याच्या म्हातारपणी पडतो.

फ्रान्सबाहेर

बेल्जियममध्ये प्रॉटेस्टंट-इव्हँजेलिकल उपासना राज्यमान्य आहे, तिथे मान्यतेचा मार्ग वेगळा आणि संथ. स्वित्झर्लंडमध्ये प्रत्येक कँटनचं, म्हणजे प्रांताचं, वेगळं. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये 1960 च्या दशकातल्या ‘शांत क्रांती’त एका पिढीने कॅथलिक चर्चकडे पाठ फिरवली, त्यामुळे तिथे अज्ञानापेक्षा दुखावलेपण जास्त भेटतं. आफ्रिकेची गोष्टच निराळी: काँगोतल्या किन्शासा किंवा आयव्हरी कोस्टमधल्या अबिजानमध्ये मंडळ्यांची कमतरता नाही, प्रशिक्षित पाळकांची आणि फ्रेंचमधल्या अभ्याससाहित्याची आहे. पॅरिसच्या उपनगरांतल्या कित्येक भरलेल्या मंडळ्या याच देशांतून आलेल्या लोकांनी उभ्या केल्या आहेत. त्यांची दुसरी पिढी फ्रान्समध्ये जन्मलेली, फ्रेंच शाळेत शिकलेली. फ्रान्समध्ये नवी मंडळी काढणाऱ्याने सोबती शोधायचे तर आधी तिथे शोधावेत. नोजाँ, व्हो-स्युर-सेन आणि एक्स-आँ-प्रोव्हाँस इथल्या ईश्वरविज्ञानाच्या शिक्षणसंस्थांत ही मुलं शिकतात. परदेशी कुटुंबाच्या एका वर्षाच्या खर्चात अशा एकाहून अधिक विद्यार्थ्यांचं शिक्षण होऊ शकतं.

मदत संपवण्याच्या वर्षी काय काय सुपूर्द करायचं याची यादी सुरुवातीलाच करून ठेवावी: बँकेतल्या सह्या, भाडेकराराची मूळ प्रत, विम्याची कागदपत्रं, प्रेफेकडे केलेल्या जाहीरनाम्याची पोच आणि नूतनीकरणाची तारीख, संकेतस्थळाचा पासवर्ड, देणगीपावत्यांची वही. यांतली एकही वस्तू चौथ्या वर्षाअखेर परदेशी माणसाच्या कपाटात असेल, तर हस्तांतर अजून झालेलं नाही.